लघवी स्वच्छ, तरी बंदी: रक्ताच्या पासपोर्टवर किती भरवसा ठेवावा?

लांब पल्ल्याच्या धावपटूंना शिकवणाऱ्या एका सरांचा प्रश्न आहे. लघवीत कुठलंच औषध सापडलेलं नसताना, केवळ रक्तातल्या आकड्यांच्या चढउतारावरून, म्हणजे 'बायोलॉजिकल पासपोर्ट' नावाच्या नोंदींवरून, खेळाडूवर बंदी घालतात, हे कितपत भरवशाचं? स्वच्छ खेळाडू यात अडकू शकतो का? त्यांच्याकडच्या एका मुलीचं हिमोग्लोबिन ९.८ होतं. लोहाचं औषध सुरू केल्यावर चार महिन्यांत ते १२.६ झालं. उद्या तिचं रक्त तपासलं तर हे डोपिंग दिसेल का, ही त्यांची खरी काळजी आहे.

सर, उत्तर आधी सांगतो, कारणं मागून. रक्त नियमाप्रमाणे घेतलेलं असेल, थंड अवस्थेत वेळेत पोचलेलं असेल आणि नोंदी पुरेशा असतील, तर ही पद्धत निर्दोष खेळाडूला फार क्वचित अडकवते. दोषी खेळाडूला मात्र ती बऱ्याचदा निसटू देते. आणि हे नकळत झालेलं नाही. चुकून एखाद्या स्वच्छ मुलामुलीचं आयुष्य उद्ध्वस्त होऊ नये म्हणून जाळ्याची भोकं मुद्दाम मोठी ठेवली आहेत. रक्तविकारांचा डॉक्टर म्हणून मला ही निवड योग्य वाटते, पण तिची किंमत कोण मोजतं तेही पुढे सांगतो.

एरिथ्रोपोएटिन, म्हणजे ईपीओ, हे नाव डायलिसिसवरच्या रुग्णांच्या घरी सगळ्यांना माहीत असतं. मूत्रपिंड ते स्वतः बनवतं आणि अस्थिमज्जेला तांबड्या पेशी तयार करायला सांगतं. मूत्रपिंड निकामी झालं की बाहेरून इंजेक्शन द्यावं लागतं. निरोगी सायकलपटूनं तेच इंजेक्शन घेतलं की त्याच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणाऱ्या पेशी वाढतात आणि घाटात तो इतरांना मागे टाकतो. १९९०च्या दशकात युरोपातल्या सायकलिंगमध्ये हे सर्रास चाललं होतं आणि ते ओळखणारी चाचणी नव्हती. म्हणून १९९७ मध्ये सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं एक ढोबळ रेघ ओढली: पुरुषाचं हिमॅटोक्रिट, म्हणजे आपल्याकडच्या रिपोर्टवरचं पीसीव्ही (रक्तात तांबड्या पेशींचा शेकडा वाटा), ५० टक्क्यांच्या वर गेलं की त्या शर्यतीत भाग नाही. १९९९ च्या जिरो द'इटालिया या इटलीतल्या मोठ्या सायकल शर्यतीत इटलीचा मार्को पँतानी आघाडीवर असताना ५२ टक्के निघाल्यामुळे बाहेर पडला तो याच नियमानं.

या रेघेत दोन दोष होते. ज्याचं नैसर्गिक पीसीव्ही ४२ आहे, त्याला ४९ पर्यंत औषध घ्यायला तिनं एक प्रकारे परवानाच दिला. उलट फिनलंडच्या ईरो मॅन्टीरांतासारख्या माणसाचं काय? १९६४ च्या इन्सब्रुक हिवाळी ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदकं जिंकणाऱ्या या स्कीपटूच्या घराण्यातच ईपीओच्या ग्राहीचा (पेशीवर ईपीओचा निरोप पकडणाऱ्या रेणूचा) जनुकीय बदल होता. त्याचं हिमोग्लोबिन जन्मतःच २० च्या पुढे. सगळ्यांना एकच माप लावलं की असा माणूस गुन्हेगार ठरतो आणि खरा गुन्हेगार सुटतो.

सन २००० मध्ये सिडनी ऑलिंपिकच्या सुमारास लघवीतलं बाहेरचं ईपीओ ओळखण्याची चाचणी आली. पण थोडं थोडं घेतलेलं ईपीओ काही तासांत, फार तर एकदोन दिवसांत लघवीतून दिसेनासं होतं. तोवर काही जण आणखी जुन्या मार्गाकडे वळले होते: महिनाभर आधी स्वतःचंच रक्त काढून ठेवायचं आणि स्पर्धेआधी परत चढवायचं. दुसऱ्याचं रक्त चढवलं तर पेशींवरच्या खुणा जुळत नाहीत, ते पकडता येतं. स्वतःचंच रक्त असेल तर पकडायचं काय? त्यात परकं काहीच नसतं. ते सरळ दाखवून देणारी मान्यताप्राप्त चाचणी आजही नाही.

म्हणून औषध शोधायचं सोडून औषधानं शरीरात काय केलं ते शोधायचं, अशी कल्पना पुढे आली. २००८ मध्ये सायकलिंगनं बायोलॉजिकल पासपोर्ट सुरू केला. २००९ च्या डिसेंबरात वाडानं, म्हणजे जागतिक उत्तेजक प्रतिबंधक संस्थेनं, सगळ्या खेळांसाठी एकसारखी नियमावली दिली. खेळाडूचं रक्त वर्षानुवर्षं अधूनमधून तपासत राहायचं आणि त्याची तुलना त्याच्या स्वतःच्याच आधीच्या रक्ताशी करायची, एवढंच त्याचं सार.

यात दोन आकडे मुख्य. एक हिमोग्लोबिन. दुसरा रेटिक्युलोसाइट, प्रयोगशाळेत आम्ही 'रेटिक' म्हणतो. मज्जेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या कोवळ्या तांबड्या पेशींचं हे शेकडा प्रमाण. निरोगी माणसात साधारण अर्धा ते दोन टक्के. कारखाना किती जोरात चालला आहे हे रेटिक सांगतं, गोदामात माल किती आहे हे हिमोग्लोबिन सांगतं. दोन्ही जोडून एक आकडा काढतात, त्याला ऑफ-स्कोअर म्हणतात: लिटरला ग्रॅममधलं हिमोग्लोबिन, वजा रेटिकच्या वर्गमुळाची ६० पट. हिमोग्लोबिन १५० (आपल्या रिपोर्टवरचं १५) आणि रेटिक १ टक्का असेल तर ९०. आता समजा त्याच खेळाडूनं पिशवीभर स्वतःचं रक्त चढवलं. हिमोग्लोबिन १६५ झालं. गोदाम भरलेलं पाहून शरीरानं ईपीओ बनवणं थांबवलं, कारखाना मंदावला, रेटिक पाव टक्क्यावर आलं. ऑफ-स्कोअर १३५. उलट रक्त काढून ठेवल्यानंतरच्या आठवड्यांत हिमोग्लोबिन खाली आणि रेटिक वर, म्हणून स्कोअर पडलेला. निसर्गात गोदाम भरलेलं आणि कारखाना बंद ही स्थिती सहसा दिसत नाही. सगळ्या पद्धतीचा आधार हाच आहे.

पहिल्या नमुन्याला संगणक खेळाडूला ओळखत नसतो, म्हणून स्त्री की पुरुष, वय, वंश, किती उंचीवर राहतो यावरून एक रुंद पट्टा आखतो. प्रत्येक नव्या नमुन्यानिशी तो पट्टा त्या माणसाभोवती आवळत जातो. सात-आठ नमुने झाले की तो बहुतांशी त्याचाच झालेला असतो. मॅन्टीरांतासारखा माणूस अशा पासपोर्टमध्ये सुरक्षित राहिला असता. त्याचं २० हेच त्याचं 'नेहमीचं' ठरलं असतं.

एखादी नोंद या पट्ट्याबाहेर गेली की संगणक खूण करतो. ही खूण ९९ टक्क्यांच्या पातळीवर होते आणि इथेच बहुतेकांचा गैरसमज होतो. ९९ टक्के म्हणजे 'दोषी असण्याची शक्यता ९९ टक्के' नव्हे. स्वच्छ खेळाडूचे आकडे या पट्ट्याबाहेर जाण्याची शक्यता शंभरात एक, एवढाच त्याचा अर्थ. हजार स्वच्छ खेळाडू तपासले तर दहाएक जणांवर अशी खूण उगाचच पडेल. नुसत्या खुणेवर बंदी घातली असती तर ही पद्धत अन्यायाची झाली असती. पण खुणेनंतर फाइल तज्ज्ञाकडे जाते. नाव झाकलेलं असतं. तज्ज्ञासमोर 'सामान्य', 'संशयास्पद', 'डोपिंग संभवतं' आणि 'आजार संभवतो' असे पर्याय असतात. पहिल्यानं डोपिंग म्हटलं तर आणखी दोघांकडे. तिघांचं एकमत झालं तरच खेळाडूला पत्र जातं, त्याचं म्हणणं घेतलं जातं आणि ते वाचून तिघांना पुन्हा विचार करावा लागतो. एकानं जरी मान हलवली तरी प्रकरण तिथेच थांबतं.

तरी चूक होऊ शकते का? जर्मनीची स्पीड-स्केटर क्लाउडिया पेखस्टाइन हिचं प्रकरण मी रक्तविकार शिकणाऱ्या मुलांना नेहमी सांगतो. २००९ च्या फेब्रुवारीत नॉर्वेत हामार इथल्या जागतिक स्पर्धेत तिचं रेटिक साडेतीन टक्क्यांच्या आसपास आलं. वरची मर्यादा धरली होती २.४. हिमोग्लोबिन वाढलेलं नव्हतं आणि कुठलंही औषध कधीच सापडलं नाही. तिच्या खेळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं दोन वर्षांची बंदी घातली आणि लोझानच्या क्रीडा लवादानं ती कायम केली. नंतर रक्तविकार तज्ज्ञांनी तिला तांबड्या पेशींच्या आवरणाचा आनुवंशिक दोष असल्याचं निदान केलं. वडिलांमध्येही तो आढळला. २०१५ मध्ये जर्मन ऑलिंपिक महासंघानं नेमलेल्या तज्ज्ञांनी बंदी टिकणारी नव्हती असं मत दिलं. २०१८ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयानं तिची सुनावणी खुली व्हायला हवी होती असा निर्णय दिला.

रेटिक वाढलेलं आणि हिमोग्लोबिन नेहमीचं, हे चित्र पाहिलं की माझ्या मनात डोपिंगच्या आधी पेशी लवकर फुटण्याचा विचार येतो. पेशी १२० दिवसांऐवजी लवकर फुटत असतील तर कारखाना सतत जोरात चालतो आणि गोदाम जेमतेम भरलेलं राहतं. बिलिरुबिन, एलडीएच, हॅप्टोग्लोबिन आणि पेशींच्या आवरणाच्या एकदोन तपासण्या केल्या की उलगडा होतो. घरात कुणाला कावीळ यायची, कुणाची प्लीहा काढली, लहानपणीच पित्ताशयात खडे झाले, एवढं विचारलं तरी दिशा कळते. हे सगळं बंदीच्या आधी व्हायला हवं होतं, असं मला आजही तीव्रतेनं वाटतं. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या: हे प्रकरण वाडाची एकसारखी नियमावली येण्याच्या आधीचं आहे. एकाच आकड्यावर इतका भर देऊन आज प्रकरण उभं करणं बरंच अवघड आहे.

आता ज्या भागाकडे खेळाडू आणि प्रशिक्षक सगळ्यात कमी लक्ष देतात तिकडे वळतो: रक्त नळीत येण्याआधी आणि यंत्रात जाण्याआधी काय घडतं.

हिमोग्लोबिन हे प्रमाण आहे. भांड्यातलं पाणी आटलं की आमटी घट्ट होते, डाळ वाढलेली नसते. खेळाडू उन्हात पळून घामाघूम आला की रक्तद्रव कमी होतो आणि हिमोग्लोबिन वर दिसतं. आडवा असलेला माणूस उठून उभा राहिला तरी फरक पडतो. म्हणून रक्त घेण्याआधी पाय जमिनीला टेकवून किमान दहा मिनिटं बसवतात आणि सरावानंतर लगेच नमुना घेत नाहीत. उलट अनेक दिवसांच्या शर्यतीत रक्तद्रव वाढतो आणि हिमोग्लोबिन हळूहळू उतरतं. तीन आठवड्यांच्या सायकल शर्यतीत एखाद्याचं हिमोग्लोबिन अजिबात उतरलं नाही तर तज्ज्ञांच्या भुवया उंचावतात त्या यामुळेच.

पुढे वाहतूक. जांभळ्या झाकणाची नळी गरम राहिली तर पेशी फुगतात आणि पीसीव्ही खोटं वाढतं. हिमोग्लोबिन मात्र टिकून राहतं; पासपोर्टनं पीसीव्ही सोडून हिमोग्लोबिन धरलं त्याचं एक कारण हे. रेटिकचं तसं नाही. कोवळ्या पेशी नळीतही पिकत राहतात, म्हणून उशीर आणि उष्णता यांनी रेटिक खोटं कमी दिसू शकतं. रेटिक कमी म्हणजे ऑफ-स्कोअर जास्त, म्हणजे चूक नेमकी खेळाडूच्या विरोधात जाते. यासाठी नमुन्यासोबत तापमान नोंदवणारं छोटं यंत्र प्रवास करतं आणि एक साधा हिशेब मांडतात: सरासरी तापमानाची तिप्पट अधिक रक्त घेतल्यापासून तपासणीपर्यंतचे तास. ही बेरीज ८५ च्या आत हवी. ४ अंशांवर ठेवलेला नमुना तीन दिवस चालतो (१२ अधिक ७२, म्हणजे ८४). १२ अंशांवर गेला तर दोनच दिवस. मे महिन्यात विदर्भातून दिल्लीला नमुना पाठवायचा तर हा हिशेब किती नाजूक आहे, ते तुम्हाला सांगायला नको.

माझ्याच कामातला एक अनुभव. एका सराव शिबिरातून आलेल्या डझनभर नमुन्यांत सगळ्यांचंच रेटिक नेहमीच्या निम्म्यावर होतं. ती तपासणी डोपिंगसाठी नव्हती, साधी आरोग्य तपासणी होती. बर्फाचा डबा गाडीत उन्हात राहिला होता. पुन्हा रक्त घेतलं, सगळे आकडे जागेवर. त्या दिवसापासून रिपोर्टवरच्या आकड्याआधी मी नळीचा प्रवास विचारतो.

आता आपल्या मातीतल्या काही गोष्टी, ज्या परदेशी तज्ज्ञाच्या चटकन लक्षात येणार नाहीत. गणेशोत्सवात, शिवजयंतीला मंडळाचं रक्तदान शिबिर असतं आणि गावातला धडधाकट धावपटू पहिला नंबर लावतो. ३५० मिली रक्त गेलं. पुढचे काही आठवडे हिमोग्लोबिन खाली, रेटिक वर: रक्त काढून फ्रीजमध्ये ठेवणाऱ्या लबाडाचं चित्र अगदी असंच दिसतं. रक्त घेताना भरायच्या अर्जात गेल्या तीन महिन्यांत रक्त गेलं का असा प्रश्न असतो. तिथे खरं लिहायचं आणि रक्तपेढीचं कार्ड जपून ठेवायचं. डेंग्यूत रक्तद्रव केशवाहिन्यांतून बाहेर झिरपतो आणि हिमोग्लोबिन चढतं. मलेरियात पेशी फुटतात आणि बरं होताना रेटिक उसळतं. बीटा थॅलेसेमिया मायनर आपल्याकडे काही समाजांत बऱ्यापैकी आढळतं. त्यात हिमोग्लोबिन जन्मभर थोडं कमी आणि पेशी लहान असतात, पण ते स्थिर असल्यामुळे पासपोर्ट त्याला सामावून घेतो. उटीसारख्या २,२०० मीटरवरच्या शिबिरातून उतरल्यावर रेटिक दबलेलं आणि हिमोग्लोबिन थोडं चढलेलं असणं स्वाभाविक आहे, मात्र चढ बेताचा असतो. 'आम्ही उंचावर होतो' हे सांगून वीस टक्के वाढ पचत नाही.

निसटणाऱ्यांकडे येतो. ऑस्ट्रेलियाचे मायकेल अॅशेंडन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दहा जणांना १२ आठवडे अगदी कमी मात्रेत ईपीओ टोचलं. त्यांच्या शरीरातलं एकूण हिमोग्लोबिन वाढलं, पण पासपोर्टच्या संगणकानं दहापैकी एकावरही खूण केली नाही. २०१९ च्या फेब्रुवारीत ऑस्ट्रियातल्या झेफेल्डमध्ये जागतिक स्की स्पर्धेदरम्यान पोलिसांनी छापा टाकला तेव्हा एक स्कीपटू हाताला रक्ताची नळी लावलेला सापडला. जर्मनीतल्या एअरफुर्टच्या ज्या डॉक्टरपर्यंत या टोळीचे धागे पोचले, त्याच्याकडे अनेक खेळाडूंच्या रक्ताच्या पिशव्या होत्या. ही टोळी पोलिसांमुळे आणि एका खेळाडूच्या कबुलीमुळे उघडी पडली, पासपोर्टमुळे नव्हे. रक्त चढवून वर सलाइन दिलं की वाढलेलं हिमोग्लोबिन झाकलं जातं, हे फसवणाऱ्यांना ठाऊक असतं.

आणि याची किंमत? २०११ आणि २०१३ च्या जागतिक अॅथलेटिक्स स्पर्धांत लांब पल्ल्याच्या खेळाडूंचं रक्त एकगठ्ठा तपासलं गेलं. त्या नोंदींवरून संशोधकांनी नंतर काढलेला अंदाज अनुक्रमे १८ आणि १५ टक्के रक्त-डोपिंगचा होता. थेट चाचणीत सापडणारे त्याच्या एका छोट्या अंशाइतके. जाळ्याची भोकं मोठी ठेवल्याची किंमत चौथ्या-पाचव्या क्रमांकावर राहिलेला स्वच्छ धावपटू मोजतो. त्याचं नाव कुणी घेत नाही.

तरीही पासपोर्ट निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही. पूर्वी पीसीव्ही ४२ वरून ४९ वर नेता यायचं, आता तेवढी मोकळीक उरली नाही. फसवणाऱ्याला थेंबाथेंबानं घ्यावं लागतं आणि फायदाही तेवढाच आटतो. दुसरं म्हणजे, पासपोर्टचा मोठा उपयोग शिक्षा देण्यापेक्षा कुणाच्या दारावर पहाटे थाप मारायची ते ठरवण्यासाठी होतो: रेटिक संशयास्पद दिसलं की लघवीची ईपीओ चाचणी त्याच आठवड्यात. आणि काही प्रकरणं केवळ पासपोर्टवरच तडीस गेली. लंडन २०१२ ची १,५०० मीटरची विजेती तुर्कस्तानची आस्ली चाकिर आल्पतेकिन हिचं सुवर्ण गेलं. ५० किलोमीटर चालण्याच्या शर्यतीतला रशियाचा सर्गेई किर्द्याप्किन बाद झाला आणि ऑस्ट्रेलियाच्या जॅरेड टॅलेंटला त्याचं सुवर्ण २०१६ मध्ये मेलबर्नला मिळालं. चार वर्षं उशिरा मिळालं, पण मिळालं.

आता तुमच्या मुलीबद्दल. ९.८ वरून १२.६ हा चढ मोठा आहे, पण तो लपवण्यासारखा नाही आणि घाबरण्यासारखाही नाही. पासपोर्टच्या नोंदीत हिमोग्लोबिन आणि रेटिकसोबत पेशींचा आकार आणि पेशीतलं हिमोग्लोबिन हेही असतं. लोहाच्या कमतरतेत पेशी लहान आणि फिकट असतात, उपचारानंतर मोठ्या होत जातात. ईपीओ घेतलेल्या निरोगी खेळाडूत ही वाटचाल दिसत नाही. जाणता तज्ज्ञ ती पाहून 'आजार संभवतो' म्हणेल. लोहाच्या गोळ्यांवर बंदी नाही. सलाइनमधून शिरेवाटे लोह देण्याचा सल्ला मिळाला तर मात्र थांबा: १२ तासांत १०० मिलीपेक्षा जास्त काहीही शिरेतून देणं, मग ते औषध कितीही निरुपद्रवी असो, रुग्णालयातले आवश्यक उपचार वगळता प्रतिबंधित आहे आणि त्याला आधी परवानगी लागते. गोळ्यांनी भागत असेल तर गोळ्याच द्या.

उपचारांच्या आधीचा तिचा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि फेरिटिनचा (शरीरातला लोहाचा साठा) रिपोर्ट शोधून काढा. गावातल्या प्रयोगशाळेनं साध्या कागदावर दिलेला असला तरी चालेल, तारीख आणि शिक्का हवा. त्याच्या मागे गोळ्या सुरू केल्याची तारीख, गोळीचं नाव, पाळीत किती दिवस जास्त रक्त जायचं ते तिच्याच अक्षरात लिहून घ्या, आणि तिच्या पहिल्या पासपोर्ट नमुन्याच्या दिवशी ती फाइल तिच्या सॅकमध्ये असू द्या.